मंगलला पत्र

अमळनेर
वैशाख, यात्रेचा आठवडा

प्रिय मंगल,

आपला फौजदार बोका वाचला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं धीरानं वाचशील.

फोन हातात घेतला होता गं. पण फोनवर तू सुनेसमोर रडली असतीस, मी इथे यांच्यासमोर, आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. माझी शुगर ठीक आहे. यांचा गुडघा तसाच. आत्या खणखणीत. झालं तब्येतीचं.

अखाजीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. तुला माहीतच आहे आमच्याकडची अखाजी. तिन्ही नणंदा, त्यांची पोरं, निंबाला झोका, मागच्या दारी खापरावर मांडे, रसाच्या पातेल्यावर माश्या. त्या गर्दीत माझं लक्ष गेलं ते फौजदार सारखा वाळूच्या घमेल्याशी जात होता म्हणून. बसायचा, जोर करायचा, उठायचा, अंगणाला फेरी मारून पुन्हा तिथेच. मागचं अंग चाटत बसायचा. आत्या म्हणाल्या, पोट अडलंय, एरंडेल पाज. मी घमेलं हातानं चाचपलं तर वाळू कोरडी ठणठणीत. सकाळपासून एक थेंब नव्हता पडला. मंगल, हे तू सुरतेतल्या सगळ्या मांजरवाल्यांना सांग: बोका बसतोय आणि वाळू ओली होत नाही, तर ते पोट नाही, लघवी आहे. आणि तिथे उद्यावर टाकायचं नसतं.

तेवढ्यात जेठांचा मेडिकलवाला आला. दुखत असेल बिचाऱ्याला म्हणाला, आणि क्रोसिनची अर्धी गोळी चुरायला लागला. मी त्याचा हात धरला. चांगला मुलगा आहे, मनानं करत होता, पण आपल्याला चालतं ते पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही, त्यांच्यात ती सोयच नसते. रक्त निकामी होतं. पाचशेची एक गोळी मांजर मारायला पुरते. चेतननं मला हे कधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बरं.

संध्याकाळी तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. ओकला. मी हाक मारली तर नुसतं बघितलं. हाकेला न येणारा फौजदार तू कधी पाहिलास का?

इथल्या दवाखान्याचे डॉक्टर पारोळ्याकडे म्हशीला गेले होते, वासरू आडवं आलं होतं. पण त्या गडबडीतही त्यांनी फोन घेतला. म्हणाले, पोटाला खालून हलका हात लावा, दाबू मात्र नका, फुटेल. काय लागतं? मी म्हटलं, टेनिसच्या चेंडूसारखं टणक. ते म्हणाले, ताई, आजची रात्र थांबू नका, जळगाव गाठा. मोठ्या जनावरांचे डॉक्टर, पण मांजराचा जीव त्यांनी फोनवरून वाचवला असं मी मानते. पोळ्याला त्यांच्या घरी पुरणपोळी जाणार आहे.

गाडी ठरवली तशा आत्या दारात उभ्या. "माय वं, मांजरसाठे गाडी!" यांनी काही न बोलता किल्ली घेतलेल्या ड्रायव्हरला पाणी दिलं, तेवढ्यावर मी समजले. भरताच्या वांग्यांची टोपली रिकामी केली, वर दुसरी टोपली पालथी, सुतळीनं बांधली, आणि धरणगाव-पाळधी करत निघालो. रात्री नऊलासुद्धा खिडकीतून झळा येत होत्या. तो टोपलीत अगदी गप्प होता. ओरडत असता तर बरं वाटलं असतं.

जळगावच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहेत, परळच्या कॉलेजात शिकलेल्या, १८८६ सालचं ते व्हेटर्नरी कॉलेज. त्यांनी आधी छातीला नळी लावली. ठोके मंद झाले होते. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि ते थेट हृदयाला धरतं. पूर्ण अडलेला बोका दोन दिवसांपलीकडे जगणं कठीण, बाई म्हणाल्या. मग सलाइन, भूल, आणि केसाएवढी वाटावी अशी बारीक नळी. बोक्याचा मूत्रमार्ग शेवटी फार चिंचोळा होतो, मांजरीचा रुंद असतो, म्हणून ही आफत बहुतेक बोक्यांवरच येते. चिकट पदार्थ आणि बारीक खडे मिळून बूच बसलं होतं. ते सलाइनच्या धारेनं मागे ढकललं तेव्हा जे बाहेर आलं ते लघवी नव्हतं गं, लालभडक पाणी होतं. यांना बाहेर जाऊन बसावं लागलं. मी होते.

नळी तशीच ठेवून त्याला तिथे ठेवून घेतलं. एकदा तुंबलेलं सुटलं की मूत्रपिंडं पाणी धो धो टाकतात, तेवढं शिरेतून भरत राहावं लागतं, नाहीतर सुटूनही जीव जातो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते.

बाईंनी विचारलं, घरात काही बदल झालाय का? नवीन माणूस, नवीन मांजर, आवाज, सामानाची हलवाहलव? मला वाटलं सहज विचारतायत. तर म्हणाल्या, पुष्कळदा जंतू नसतातच. मांजराचं मन बिथरलं की मूत्राशयाला आतून सूज येते, त्यातून बूच तयार होतं. कोरडं खाणं, कमी पाणी, जाडेपणा हे सगळं असतंच, पण ठिणगी बऱ्याचदा धास्तीची असते.

मी काय सांगणार होते मंगल? दादानं माईंचं हे शेजारचं घर विकलं हे तुला माहीत आहे. पण ते पाडायला अखाजीच्या आठवड्यातच जेसीबी येईल हे मलाही नव्हतं माहीत. दोन दिवस आधी मागची पडवी गेली, मग माजघर. फौजदार आमच्या गच्चीच्या कठड्यावर बसून बघत होता. धूळ, आवाज, सगळी गल्ली घरात पळाली, हा हलला नाही. माई गेल्यावर मी त्याला आणलं तेव्हा किती दिवस तो रोज त्या भिंतीवरून उडी मारून माईंच्या दाराशी जाऊन बसायचा, तुला लिहिलं होतं. पुढे सुटलं ते, पण दुपारची झोप त्यानं कधी सोडली नव्हती तिथली. माजघराच्या खिडकीत. ती खिडकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो अडला.

मी बाईंना एवढंच म्हटलं, शेजारचं घर पाडलं. दुसरं काही तोंडातून निघेना. इथे कुणाला सांगू? कुंदा म्हणेल, मांजराला कसलं आलंय घर. तूच एक आहेस जिला हे सांगितलं की कळेल.

दादाशी या पत्रावरून भांडू नकोस. तुमचं आधीच काय ते झालंय, वाणी सरांपर्यंत गेलं, पुरे झालं. आणि माझ्याशीही ते जुनं भांडण काढू नकोस, की "नसबंदी केलीत म्हणून झालं." मी मुद्दाम विचारलं बाईंना. त्यानं मार्ग अरुंद होतो ही जुनी समजूत, प्रत्यक्ष मोजल्यावर टिकलेली नाही. नसबंदीनंतर बोके जाड होतात, ते सांभाळायचं असतं. शस्त्रक्रिया केली नसती तर तो बोरीकाठी मारामाऱ्या करून कधीच कुठला आजार घेऊन आला असता. तुझा दुधाचा हट्टही बाई मोडीत काढतात. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. म्हणजे दोन्ही भांडणं मी जिंकले, चहा तुझ्याकडे लागू.

आता त्याचं खाणं बदललं. मांजर हा मुळात वाळवंटाकडचा प्राणी, तहान कमी, लघवी घट्ट. आपल्या पंचेचाळीस डिग्रीत नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवला तर पाणी पोटात जाणार कुठून? म्हणून ओलं खाणं, त्यात आणखी पाणी, घरभर पसरट भांडी, आणि खाण्यापासून लांब. कोंबडी शिजवून तिचं पाणी द्यायचं, कांदा-लसूण-मीठ काही नाही, कांदा-लसणानं मांजराचं रक्त नासतं.

आणि इथे आत्यांच्या गळ्यातली माळ. घरात कोंबडी! तीन दिवस अबोला. मी त्यांना समजावलं की मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांसातूनच मिळतं. त्यावाचून डोळे जातात. हृदय पसरट होऊन मांजरं मरतात ती त्याच्या अभावानं, हे १९८७ साली उघड झालं, तेव्हापासून डब्यातल्या खाण्यात ते वाढवलं. त्या ऐकतात होय! शेवटी मी म्हटलं, माईंच्या गळ्यातही माळ होती, एकादशी कधी मोडली नाही, तरी परसात वेगळ्या स्टोव्हवर याच्यासाठी अंडी उकडायच्या. "हाऊ मन्हा फौजदार शे, त्याले काय एकादशी?" म्हणायच्या ना? आत्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी परसातला स्टोव्ह त्यांनीच पुसून ठेवलेला. वाती नवीन.

पण माझी झोप गेलीय ती पुढच्या विचारानं. हे उलटतं. बऱ्याच बोक्यांत उलटतं, आणि पहिल्या आठवड्यांत धोका जास्त. रात्री उठून मी घमेल्यातले ओले गोळे बघते. पुन्हा पुन्हा अडला तर एक ऑपरेशन असतं, मूत्रमार्गाचा चिंचोळा भाग काढून रुंद तोंड करतात. बाई म्हणाल्या, ते मुंबईला करा, परळला. नंतर बूच बसायची भीती फार कमी होते, जंतुसंसर्गाची वाढते, म्हणजे लक्ष ठेवायचं ते ठेवायचंच. इथे सगळे म्हणतात सात वर्षांच्या मांजराला मुंबई दाखवणार का. मी दाखवणार. माझ्या शिवणाचे पैसे आहेत, तू एक रुपया पाठवायचा नाहीस, पाठवलास तर परत करीन. पण तो माईंचा आहे, तेव्हा तुझं हो मला हवंय. आणि माझ्यानं बघवलं जाणार नाही अशी वेळ आली, तर सोडवायचं की नाही हेही आपण दोघींनी आत्ताच, शांतपणे बोलून ठेवू. तेव्हा रडत ठरवायला नको.

स्नेहलचं बाळंतपण नीट झालं ऐकून फार बरं वाटलं, डिंकाचे लाडू चेतनबरोबर पाठवते. नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे ना? जावईबापूंच्या नोकरीचं लिही सविस्तर.

एक काम कर. माईंच्या परसात विहिरीपाशी ती दगडी डोणी होती ना, आपण लहानपणी जिच्यात कागदी होड्या सोडायचो. फौजदार जन्मभर तिच्यातच पाणी प्यायचा, आमच्या स्टीलच्या ताटल्यांना तोंड लावून निघून जातो. ती मलब्याबरोबर गेलेली नाही, मी पाहिली, ठेकेदारानं सिमेंटच्या गोण्यांशेजारी उभी करून ठेवलीय. मी मागितली तर म्हणतो मालकाला विचारा. माझं कुणी ऐकणार नाही, तुझं दादा ऐकेल. भांडणाचा विषय काढू नको, नुसती डोणी माग. दगूबाईच्या नातवाची हातगाडी मी सांगून ठेवलीय, शब्द मिळाला की त्याच दिवशी आणते. पत्र मिळताच फोन कर त्याला, रविवारी पुढचं काम सुरू होतंय.

तुझी,
शोभा