घरच्या सर्व्हरवरच्या फर्माईशी

महोदय,

घरातल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे संगणकावर उतरवून जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर (साठवलेले चित्रपट टीव्ही-मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा) उभा करायचा, याबद्दल बरेच लिहिले जाते. चर्चा सगळी हार्ड डिस्कची. सर्व्हर थकतो तो मात्र फर्माईशींनी. चार घरांना खाती दिली की व्हॉट्सॲपवर ‘हे टाक, ते टाक’ सुरू होते आणि कोणाचे काय राहिले याचा पत्ता लागत नाही.

जेलीसीअर हे मागण्या नोंदवणारे सॉफ्टवेअर हा त्यावरचा फुकट आणि बरा उपाय. जेलीफिनच्याच पासवर्डने नातलग आत येतात, चित्रपट शोधून मागणी नोंदवतात. बसवल्यावर (ब्राउझरमध्ये ते सर्व्हरच्या पत्त्यापुढे पोर्ट क्रमांक ५०५५ टाकून उघडते) आपोआप मंजुरी बंदच ठेवावी आणि माणशी आठवड्याला दोन चित्रपट असा कोटा लावावा. मालिकेचा कोटा सीझनवर मोजतात. तो दोनवर असेल तर आठ सीझन एकदम मागता येत नाहीत, आणि मग ‘बटण चालत नाही’ असे फोन येतात.

पण कोटा नग मोजतो, जागा नाही. दुहेरी थराची डीव्हीडी फार तर ८.५ जीबी, तशी ब्लू-रे ५० जीबी. म्हणजे एका टीबीत पहिल्या सुमारे ११७, दुसऱ्या वीसच. फोर-केची (अतिस्पष्ट चित्राची, जास्त जागा खाणारी) परवानगी वेगळी देता येते. ती सरसकट वाटू नये.

सर्वांत जास्त डोके खाणारी तक्रार: डिस्क उतरवून ठेवली, तरी मागणी ‘उपलब्ध’ होत नाही. जेलीसीअर फाइलचे नाव बघत नाही, टीएमडीबीचा (चित्रपट-मालिकांच्या ऑनलाइन सूचीचा) क्रमांक जुळवते. मराठीत एकाच नावाचे जुने-नवे चित्रपट आणि रोमन स्पेलिंगची मनमानी, त्यामुळे जेलीफिन भलताच चित्रपट ओळखते. फोल्डरला नाव, कंसात साल आणि पुढे चौकटी कंसात रोमन अक्षरांत टीएमडीबीआयडी, जोडरेघ, क्रमांक असे लिहिले की घोळ मिटतो. आधीच चुकले असेल तर जेलीफिनमध्ये ओळख दुरुस्त करून जेलीसीअरचे पूर्ण स्कॅन (सगळ्या संग्रहाची तपासणी) हाताने चालवावे. दर पाच मिनिटांचे स्कॅन फक्त नव्याने आलेले बघते; पूर्ण स्कॅन दिवसातून एकदाच होते.

बारशाची किंवा लग्नाची कॅसेट मात्र टीएमडीबीवर सापडणार नाही. ती फर्माईश फोनवरच घ्यावी लागते, आणि आजीची पहिली मागणी बहुधा तीच असते.

– एक वाचक, ठाणे