गरम पाण्याच्या लाइनीत थंड पाण्याचा पाइप: प्लंबिंग सेवेबाबत तक्रार पत्र

दिनांक: 28 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच दुरुस्ती सेवा विभाग,
मुंबई

विषय: 14 जून 2025 रोजी केलेलं प्लंबिंगचं सदोष काम, बिलात लावलेलं चुकीचं सामान आणि त्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी कांदिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना बारा महिने गरम पाणी लागतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बाथरूममधली गीझरकडून मिक्सरकडे येणारी लाइन गळायला लागली. लाइन जुनी, जीआयची म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, भिंतीत गेलेली. वीस वर्षं आमच्याकडे येणारे प्लंबर, ज्यांना सगळी सोसायटी मामा म्हणते, ते भाताच्या लावणीसाठी गावी गेले होते. म्हणून माझ्या मुलाने तुमच्या अ‍ॅपवरून बुकिंग केलं. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरांत ‘प्रशिक्षित प्लंबर, 30 दिवसांची वॉरंटी’ असं लिहिलं होतं. त्या दोन गोष्टींवर विश्वास ठेवून आम्ही पैसे भरले.

14 जूनला, शनिवारी, दुपारी तीन वाजता तुमचा प्लंबर आला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, पावसात चिंब भिजलेला. वागायला अतिशय नम्र. ते मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे ते वाचून तुम्ही सगळं त्याच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. त्याने चार टाइल्स फोडल्या, गंजलेला तुकडा पाइपपान्याने सोडवला आणि सांगितलं, ‘मॅडम, एवढा भाग सीपीव्हीसीचा टाकतो, परत गंजायचा प्रश्न नाही.’ सीपीव्हीसी म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, त्यामुळे मला ते पटलं. तो सामान घेऊन आला, पाइप कापला, जोडांना चिकटवायचं सोल्युशन लावलं, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि लाइन बसवली. हे सगळं चालू असताना वॉशिंग मशीनवर ठेवलेला त्याचा फोन सारखा वाजत होता. पुढचं काम गोरेगावला होतं आणि तिथे पोहोचायची वेळ तुमच्या अ‍ॅपने ठरवून दिली होती. मी त्याला चहा विचारला, तर म्हणाला, ‘नको, लेट मार्क लागतो.’ पाणी सुरू करून त्याने जेमतेम दहा मिनिटं बघितलं असेल. गीझर चालू करून, गरम पाणी सोडून जोड तपासलेच नाहीत. त्यावर सिमेंट भरलं, टाइल्स बसवल्या, व्हाइट सिमेंट ओढलं आणि तो गेला.

बिल तुमच्या नावाचं, तुमच्या जीएसटी क्रमांकाचं आलं. मजुरी 1,850 रुपये, सामान 1,240 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 3,646 रुपये. सामानात ‘सीपीव्हीसी पाइप 1 मीटर, एल्बो 2 नग, एमटीए 2 नग’ असं स्पष्ट लिहिलं आहे (एल्बो म्हणजे कोपऱ्याचा जोड, एमटीए म्हणजे आट्यांचा जोड). या ओळीकडे कृपया नीट लक्ष द्या.

8 जुलैला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या हॉलला लागून असलेल्या भिंतीवर आणि बाथरूमबाहेरच्या छतावर ओल आली होती. पीओपी फुगलं होतं आणि रंगाचे पोपडे सुटत होते. बाहेर पाऊस पडत होता, त्यामुळे आधी सगळ्यांनी पावसालाच दोष दिला. पण बाहेरच्या भिंतीपासून ती जागा चांगली दहा फूट आत आहे. मला शंका आली आणि मी त्याच दिवशी अ‍ॅपवर तक्रार नोंदवली. काम होऊन तेव्हा चोवीस दिवस झाले होते. वॉरंटी 14 जुलैपर्यंत होती.

तुम्ही 11 जुलैची वेळ दिली. मी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कोणी आलं नाही, संध्याकाळी फक्त ‘तांत्रिक कारणामुळे भेट पुढे ढकलली आहे’ असा मेसेज आला. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली, तीही गेली. शेवटी 16 जुलैला तुमचे निरीक्षक आले. बाथरूमच्या दारात उभे राहिले, फोनवर दोन फोटो काढले आणि ‘पावसाळी सीपेज आहे, सोसायटीला सांगा’ असं म्हणून निघाले. खाली जाऊन काकांचं छत बघावं अशी मी त्यांना विनंती केली. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, कारण लिहिलं होतं ‘बाह्य गळती’.

इकडे काकांकडे पाणी ठिबकायला लागलं होतं. त्यांनी खाली बादली लावली. ट्यूबलाइटच्या फिटिंगमध्ये पाणी शिरून शॉर्ट झालं, तेव्हा काकूंनी घाबरून मेन स्विचच पाडला. पंचवीस वर्षांचा आमचा शेजार. एकमेकांच्या घरच्या बाळंतपणाला आणि आजारपणाला आम्ही धावून गेलो आहोत. तरी त्या दिवशी काका जिन्यात मला म्हणाले, ‘आता तुम्हीच काय ते बघा,’ आणि पुढे काही न बोलता घरात गेले. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्या सोसायटीच्या नियमांप्रमाणे सामाइक पाइपची गळती सोसायटी बघते, पण सभासदाच्या बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. म्हणजे तुमच्या कामाची भरपाई मला माझ्या शेजाऱ्याला द्यायची आहे.

20 जुलैला, रविवारी, मामा गावाहून परतले. आदल्या रात्री मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तेव्हाच त्यांनी गीझरला पाणी देणारा कॉक रात्रभर बंद ठेवायला सांगितलं. सकाळी काकांकडची बादली कोरडी होती. मामांनी आल्यावर कॉक उघडला आणि गीझर लावला. पाऊण तासात खाली ठिबकणं सुरू झालं. पावसाचं पाणी गीझरचा कॉक बघून थांबत नाही. तुमच्या निरीक्षकांना ही परीक्षा करायला एक फोन आणि एक रात्र पुरली असती.

मग मामांनी छन्नीने टाइल्स उघडल्या. आतलं सिमेंट ओलं, भुसभुशीत झालं होतं, बोटाने निघत होतं. त्यांनी पाइप पुसला आणि मला टॉर्च धरायला लावली. पांढराशुभ्र पाइप, त्यावर निळ्या अक्षरांत लांबीभर छापलेलं, ‘यूपीव्हीसी, कोल्ड वॉटर’. खालच्या एल्बोपाशी पाइप किंचित वाकून सॉकेटमधून एका बाजूने बाहेर सरकला होता आणि तिथे नखाएवढी अर्धचंद्राकृती फट दिसत होती. मामांनी तो तुकडा दोन्ही हातांनी धरून पिळला, तर सोल्युशन लावलेला जोड सरळ निघून हातात आला. तीस वर्षं हे काम करणारा तो माणूस काही वेळ नुसता त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, गरम लाइनला हा पाइप कोणी टाकत नाही.’

का टाकत नाहीत हे मी त्यांच्याकडून समजून घेतलं आणि नंतर खात्रीही करून घेतली. दोन्ही प्लास्टिकचेच पाइप, पण सीपीव्हीसीमध्ये क्लोरीनचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तो 93 अंश सेल्सियसपर्यंतचं गरम पाणी सोसतो. यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी चांगला, पण गीझरच्या पाण्याने तो मऊ पडतो, लांबतो, आणि गार झाला की पुन्हा आकसतो. रोज सकाळ-संध्याकाळ असं होत राहिलं की जोड ढिला पडतो. सीपीव्हीसीचं सोल्युशनही वेगळं असतं आणि त्यावर दाबाने पाणी सोडण्याआधी ते सुकायला वेळ द्यावा लागतो. घरगुती गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपसाठी भारतीय मानक आयएस 15778 आहे, तो क्रमांक पाइपवरच छापलेला असतो. मामांनी नवीन पाइप लावताना तो मला वाचून दाखवला. हे एवढं तुमच्या ‘प्रशिक्षित’ माणसाला माहीत नसेल, तर त्याला प्रशिक्षण कोणी आणि किती दिवस दिलं? आणि माहीत असूनही त्याच्या हातात यूपीव्हीसी आलं असेल, तर ते कुठून आलं? तो मुलगा मला म्हणाला होता की सामान कंपनीने ठरवलेल्या दुकानातूनच आणावं लागतं. माझ्याकडून पैसे सीपीव्हीसीचे घेतले, भिंतीत गेलं यूपीव्हीसी. चूक दुकानात झाली की बिल बनवताना, हे शोधणं तुमचं काम आहे. पण बिल तुमचं आहे.

21 जुलैला मी फोटोंसह पुन्हा तक्रार केली. उत्तर आलं, ‘वॉरंटीचा कालावधी संपला आहे.’ 8 जुलैची तक्रार वॉरंटीतली होती. तुम्ही दोनदा वेळ देऊन आला नाहीत आणि वॉरंटी उलटल्यावर दोन दिवसांनी आलात. तुमच्या उशिराची शिक्षा मला का? त्याच दिवशी ग्राहक सेवा केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं की कंपनी ही फक्त मध्यस्थ आहे, प्लंबर स्वतंत्र व्यावसायिक आहे, आणि सदिच्छा म्हणून पुढच्या बुकिंगवर पाचशे रुपयांचं कूपन मिळेल. ते कूपन मी नाकारलं आहे, याची नोंद घ्यावी.

मध्यस्थ असाल तर दर कोणी ठरवला? तुम्ही. कोणता माणूस पाठवायचा, तो किती वाजता यायचा, किती वेळात निघायचा, हेही तुम्हीच ठरवलं. पैसे तुमच्या खात्यात आले आणि वॉरंटी तुमच्या नावाने दिली गेली. मी त्या मुलाला ओळखत नव्हते, मी तुम्हाला ओळखून दार उघडलं. मामांशी माझा व्यवहार असतो तेव्हा काम बिघडलं तर मी मामांना बोलावते आणि ते येतात. इथे मी बोलवायचं कोणाला?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, त्यात हे काम बसतं. बिलात एक वस्तू लिहून दुसरी देणं तर त्याहून गंभीर आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. म्हणून हे पत्र मी अ‍ॅपच्या चॅटवर न लिहिता थेट तुम्हाला ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते आहे.

माझा खर्च असा झाला आहे. तुम्हाला दिलेले 3,646 रुपये. मामांनी लाइन पुन्हा टाकली, गवंड्याने टाइल्स बसवल्या, त्याचे 6,800. काकांच्या इलेक्ट्रिशियनचे 1,900. त्यांचं पीओपी, प्लास्टर आणि रंग यांचं लेखी अंदाजपत्रक 21,500 रुपयांचं आहे. एकूण 33,846 रुपये. सगळ्याच्या पावत्या आणि अंदाजपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. बुडालेल्या रजा आणि मनस्ताप यांचे पैसे मी आज मागत नाही. ही रक्कम मला 15 दिवसांत मिळावी.

पंधरा दिवसच का, तेही सांगते. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. काकांकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्यांचं मखर दरवर्षी त्याच भिंतीपाशी मांडतात. पावसाळ्यात प्लास्टर सुकायलाच किती दिवस लागतात हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. पैसे ऑगस्टच्या मध्यापर्यंत हातात आले तरच ती भिंत चतुर्थीपर्यंत उभी राहील. काका माझ्याकडे पैसे मागायला आलेले नाहीत, येणारही नाहीत. म्हणूनच मला घाई आहे.

पैशांखेरीज आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, ज्या दुकानातून हे सामान आलं तिथून जून महिन्यात गरम पाण्याच्या लाइनीसाठी आणखी कोणाकोणाच्या घरी पाइप गेले, ते तपासा आणि त्या लोकांना कळवा. त्यांच्या भिंतीतही हीच फट रोज थोडी थोडी उघडत असेल आणि ते पावसाला दोष देत असतील. दुसरी, त्या मुलाचं खातं बंद करून हे प्रकरण मिटवू नका. त्याने काम चुकीचं केलं, हे खरं. पण भिंतीत गाडायची लाइन तपासायला लागतो तेवढा वेळ तुम्ही त्याला दिलाच नव्हता. त्याला एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली ठेवा, शिकवा. आणि भिंतीतल्या कामाला घड्याळ लावू नका.

15 दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला आयोगात फी नाही. कागदपत्रं तयार आहेत.

काढलेला पाइप, दोन्ही एल्बो आणि उघडा पडलेला जोड मी तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवला आहे. तुमच्या तांत्रिक विभागातल्या कोणालाही संध्याकाळी सातनंतर येऊन तो बघता येईल. येताना त्यांनी या वेळी खालच्या मजल्यावरही जावं. मी काकांना तसं सांगून ठेवलं आहे.

आपली,
(सही)
तक्रारदार ग्राहक, कांदिवली पूर्व, मुंबई

सोबत: 14 जूनच्या बिलाची प्रत, अ‍ॅपवरच्या तक्रारींचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट, पाइपचे व छताचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या, अंदाजपत्रक.