पाळेगाराच्या गडावरून

बंगळूर, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल चित्रदुर्गला जाऊन आले. बाबा, हे गाव साताऱ्याहून माझ्याकडे यायच्या हमरस्त्यावरच आहे, बंगळूरच्या अलीकडे दोनशे किलोमीटर. आपली बस तिथून जाते तेव्हा जेमतेम पहाट झालेली असते आणि आपण गाढ झोपेत असतो. आठ वर्षं मी या गडाच्या पायथ्यावरून झोपेतच गेले. काल दिवसाउजेडी बघितला, आणि कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या माणसाला गड म्हटलं की कातळकडा आठवतो. इथे कडा नाही. घराएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे एकावर एक रेललेत आणि दोन धोंड्यांत फट राहिली तिथे तट घातलाय. कानडीत याला ‘एळु सुत्तिन कोटे’ म्हणतात, सात वेढ्यांचा कोट. एका दरवाजातून आत शिरलं की वाट वळते, पुढचा दरवाजा समोर दिसतच नाही, आणि तोवर आपण वरच्या बुरुजाच्या माऱ्यात आलेलो असतो. मी तटाला हात लावून बघितला. सांध्यात चुना दिसेना, चिऱ्याला चिरा घासून बसवलेला. शेजारच्या एका धोंड्यावर छिद्रांची सरळ ओळ होती. पाचरी ठोकून दगड फोडायला पाडलेली, पण फोडायचा राहूनच गेलेला. त्या छिद्रांत मी एकेक बोट घालत कितीतरी वेळ उभी होते.

आता मनातलं सांगते. लहानपणी मी ऐकलं नाही की तुम्ही म्हणायचात, ‘अगदी पाळेगार झालीये!’ आणि दादा मार खाऊनही रडायचा नाही, तेव्हा आजी म्हणायची, ‘बेरड आहे मेला.’ काल कळलं की हे दोन्ही शब्द या गडावरच्या माणसांचे आहेत. पाळेय म्हणजे छावणी, ती बाळगणारा तो पाळेगार. विजयनगरच्या रायांनी अशा नायकांना मुलूख तोडून दिला, त्यांनी त्या बदल्यात फौज ठेवायची. चित्रदुर्गचं घराणं तिम्मण्णा नायकापासूनचं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर खिळखिळं झालं आणि हे नायक आपापल्या गडांवर स्वतंत्र झाले. ते बेडर समाजाचे, आपण ज्यांना बेरड म्हणतो ते. आपल्या कागदांत ते ‘पुंडपाळेगार’ म्हणून येतात, पण आमचा वाटाड्या शेवटच्या राजाचं नाव घेताना दर वेळी ‘नम्म मदकरी’ म्हणत होता. आमचा मदकरी. आपण ‘आमचे महाराज’ म्हणतो, अगदी त्याच आवाजात.

बाबा, थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकातल्या स्वाऱ्या तुम्हाला तोंडपाठ. १७७० साली निजगलचा किल्ला घेतला, नारायणराव तिथे जखमी झाले, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण त्या वेढ्यात मदकरी नायकाचे बेडर मराठ्यांच्या बाजूने लढले, हे मला काल नव्याने कळलं. पुढे तो पुन्हा मराठ्यांच्या बाजूला गेला आणि म्हैसूरच्या हैदरअलीने त्याच्यावर दात धरला. १७७९ मध्ये चित्रदुर्ग पडला तो फितुरीने. मदकरीला कुटुंबासकट श्रीरंगपट्टणला नेलं, बेडरांची पोरं हैदरच्या ‘चेला’ पलटणीत, म्हणजे धरून आणलेल्या पोरांच्या फौजेत, भरती केली. पुणे, हैदर आणि निजाम या तिघांच्या मधोमध बसलेल्या माणसाला बाजू बदलल्यावाचून गत्यंतर तरी काय होतं? आपण त्याला पुंड म्हणून मोकळे झालो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी राखून ठेवल्यात. गडाच्या मागल्या अंगाला दोन धोंड्यांमध्ये एक माणूस जेमतेम सरपटत येईल एवढी खिंड आहे. हैदरच्या वेढ्यातली गोष्ट सांगतात. तिथला पहारेकरी जेवायला घरी आला, आणि त्याची बायको ओबव्वा त्याच्यासाठी पाणी आणायला बाहेर पडली. खिंडीतून डोकं बाहेर येताना तिने बघितलं. नवऱ्याला हाक न मारता घरातलं मुसळ उचललं आणि खिंडीच्या तोंडाशी उभी राहिली. एकेक डोकं बाहेर येईल तसं ठेचायची आणि मुडदा बाजूला ओढायची, मागच्याला पत्ता लागू द्यायची नाही. त्याच दिवशी ती गेली. मुसळाला कानडीत ओनके म्हणतात, म्हणून ती ओनके ओबव्वा. ११ नोव्हेंबरला तिची जयंती साजरी करतात. मी त्या खिंडीत वाकून बघितलं, तर मला गावच्या घरातलं दाराआड उभं केलेलं आपलं मुसळच दिसलं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. हा मुलूख तुझ्या माहेरासारखा, माण तालुक्यासारखाच कोरडा. पण गडावर धोंड्यांवरून वाहणारं पावसाचं पाणी तळ्यांत धरलंय. वरचं भरलं की खालच्यात, तिथून आणखी खालच्यात, पार गावापर्यंत. एका तळ्याचं नाव अक्का-तंगी, म्हणजे थोरली-धाकटी बहीण. एकाचं नाव नुसतं ‘गोड पाणी’. वेढे इतके महिने कशाच्या जोरावर सोसले, ते मला तिथे कळलं. मला तर तटापेक्षा ही तळीच जास्त मोठी वाटली. तू असतीस तर काठावर बसून राहिली असतीस, उठली नसतीस.

दिवाळीनंतर याच. आईच्या गुडघ्यांना सगळा गड झेपणार नाही, पण पहिले दोन दरवाजे सावकाश होतील, घाई कुणाला आहे? तिकिटं बंगळूरची काढू नका, चित्रदुर्गची काढा. मी गाडी घेऊन स्टँडवर थांबते. आणि दावणगेरे सुटलं की झोपू नका, खिडकीपाशी बसा. डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या की पोचलातच समजा.

तुमची,
पाळेगार लेक