रोल स्वतः धुणार असाल तरच फिल्म घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिल्म रोलचे दिवस परत आल्याबद्दलचा लेख वाचला. कृष्णधवल फोटो 'खरा' हवा तर फिल्मवरच काढावा, डिजिटल म्हणजे नुसता रंग पुसलेला फोटो, असा लेखाचा सूर आहे. मी सांगलीत गावभागात स्टुडिओ चालवला, उमेदीची वर्षं हायपोच्या (धुतलेला फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या) वासात गेली. तरीही हे मला पटत नाही.

आजची हौशी मुलं इथं रोल काढतात आणि कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवतात. तिकडं तो धुऊन, स्कॅन होऊन फोटो मोबाइलवर येतात. म्हणजे शेवटी हाती पडलं ते डिजिटलच! वर कॉन्ट्रास्ट किती ठेवायचा, तेही स्कॅन करणाऱ्यानं ठरवलेलं. 36 फोटोंवर एवढा खर्च करून निम्मी कारागिरी परक्यावर सोपवली, तर फिल्मचं त्यात उरलं काय?

आमच्या हळदीच्या सौद्यांचंच घ्या. पोती फोडलेली, हमालांच्या पापण्यांवरसुद्धा हळद. फिल्मवर, त्यातून लेन्सला पिवळा फिल्टर असेल तर, हळद पांढुरकी येते आणि माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. निळा फिल्टर लावा, हळद काळवंडते. पण सावळा चेहराही तिच्याबरोबर काळा पडतो. एकदा बटण दाबलं की माघार नाही. डिजिटलमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, रंगांसकट कच्ची नोंद) ठेवली असेल तर घरी बसून नुसता पिवळा खाली ओढता येतो, चेहऱ्याचा तांबूस भाग थोडा वर नेता येतो. फार ताणलं तर हळदीत चट्टे दिसू लागतात, तेव्हा बेतानं. (लायकानं 2012 मध्ये फक्त कृष्णधवल टिपणारा डिजिटल कॅमेरा काढला. त्यात रंगाची नोंदच होत नाही, त्यामुळं तिथं पुन्हा फिल्टरच लावावे लागतात. पैसेवाल्यांची हौस!)

राहिला 'खरेपणा'. जुन्या अल्बममध्ये आज्यांचं कुंकू काळं कुळकुळीत दिसतं, कारण तेव्हाच्या ऑर्थो नावाच्या कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. त्याला खरं म्हणायचं का?

फिल्मचा एक गुण मात्र मी नाकारत नाही. भर दुपारी कृष्णेच्या घाटावर पांढऱ्या धोतरातला माणूस घेतला आणि उजेड जरा जास्त पडला, तरी निगेटिव्हवर धोतराच्या चुण्या शिल्लक असतात. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) बाकीचा फोटो हातानं झाकून तेवढ्याच भागाला जादा एक्स्पोजर (उजेड) दिलं, की चुण्या कागदावर उतरतात. डिजिटलमध्ये जादा उजेडानं पांढरं एकदा फुटलं की त्या जागी काहीच नसतं. म्हणून डिजिटलवाल्यानं उजेडाचं मोजमाप धोतरावर करावं, फिल्मवाल्यानं सावलीवर. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात आणि दोष कॅमेऱ्याला देतात.

रोल स्वतः धुऊन, प्रिंटही स्वतः काढणाऱ्याला मी अडवणार नाही, उलट कौतुकच करीन. त्यानं मे महिन्याचा विचार तेवढा आधी करावा. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उठवणारं रसायन) साधारण 20 अंशांवर वापरायचा, आणि आमच्या टाकीचं पाणी त्या दिवसांत त्याहून कितीतरी गरम. परातीत बर्फ घालून त्यात नुसता डेव्हलपर ठेवून भागत नाही. हायपो आणि धुण्याचं पाणीही त्याच गारव्याला आणावं लागतं. गार डेव्हलपरनंतर गरम पाणी लागलं की इमल्शनला (फिल्मवरच्या, चित्र धरणाऱ्या थराला) सुरकुत्या पडतात, आणि त्या काही केल्या जात नाहीत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो गटारात ओतू नये.

निगेटिव्ह पिढ्यानपिढ्या टिकते, हेही लेखात आहे. टिकते, कोरड्या कपाटात. 2005 आणि 2019 चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे सांगताना जपून सांगावं. भिजलेली निगेटिव्ह पाकिटातच वाळली की पाकिटाला चिकटते. ती ओली असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून, हळूहळू सोडवून, चिमट्याला टांगावी लागते. घरात चिखल भरलेला असताना एवढी उसंत कोणाला? हार्ड डिस्कही पाण्यात गेली की गेलीच. पण फाइलची दुसरी प्रत सहज निघते. ती मात्र कोल्हापूरच्या पाहुण्यांकडं ठेवू नये. जतला ठेवावी, तिथं पुराचं भय नाही.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला,
गावभाग, सांगली