घणाखाली हात ठेवणाऱ्या काकांना

काकानू,

तुम्ही चहा न घेताच गेलात, म्हणून हे पत्र. समोर उभी राहून आभार मानायला गेले असते तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. अजूनही तो रविवार आठवला की घसा दाटतो.

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी आमच्या खळ्यात चार चिरे रचून, भात्याच्या जागी जुना हेअर ड्रायर लावून, करवंटीच्या कोळशावर लोखंड तापवत होतो. तुम्ही रस्त्याने चालला होतात. बेड्याशी, आमच्या फाटकाशी, थांबलात आणि म्हणालात, "आवाज आयकून इलंय. थंड लोखंड कोण बडयता?"

निव्वळ आवाजावरून ओळखलंत! तापलेलं लोखंड घावाखाली मुकं असतं, निवलं की खणखणतं, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आम्ही विचारायला कमी ठिकाणी गेलो नव्हतो. शहरातल्या एका वर्कशॉपने दोन दिवसांच्या शिकवणीचे पैसे आधी मोजून घेतले आणि दोन्ही दिवस फळ्यावर चित्रं काढली. घण उचलायला मी पुढे झाले, तर "तुम्ही फोटो काढा" म्हणाले. घिसाड्यांच्या पालासमोर बाया पिढ्यान्‌पिढ्या घण मारत आल्या आहेत, ते यांनी कधी पाहिलंच नसावं. आणि तो दुकानदार! कशासाठी नेतोय हे सांगितलं होतं, तरी त्याने जस्ताचा मुलामा दिलेला पाइप गळ्यात मारला. जस्त ९०७ अंशांवर उकळतं, भट्टी हजाराच्या वर जाते. पांढरा धूर निघाला आणि आमचा एक मित्र रात्रभर हुडहुडी भरून तापाने फणफणला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही.

तुम्ही आधी तो उरलेला पाइप उचलून लांब नेऊन ठेवलात. मग सगळी भट्टी मांगरात, छपराखाली हलवायला लावलीत, कारण दुपारच्या उन्हात लोखंडाचा रंग दिसत नाही. काळोखात पहिल्यांदा आम्ही तो रंग पाहिला. पिकल्या सुपारीसारखा.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा कोयता करायचा होता आम्हाला. आधीचा एक लाल करून थेट पाण्यात बुडवला होता, तो 'टिक्' करून तडकला. तुम्ही तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितलात. हसला नाहीत.

आणि मग ते झालं, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. सांडशीत पाटा धरून तुम्ही ऐरणीवर ठेवलात, दुसऱ्या हातात छोटा हातोडा घेतलात आणि घण माझ्याकडे सरकवलात. "मी टिचकी मारतंय थंयच मार. जोर नको, घण आपल्या वजनान पडांदे." मी आयुष्यात कधी घण उचललेला नव्हता. तुमची बोटं ऐरणीपासून वीतभर. माझा घाव जरा तिरका बसला असता तर ज्या हातावर तुमचं घर चालतं तो हात गेला असता. मी थबकले. तुम्ही हात मागे घेतला नाहीत, सांडशीची पकड बदलली नाहीत, फक्त म्हणालात, "मार गो चेडवा."

पहिला घाव बरोबर टिचकीच्या जागी बसला. कसा, ते मला आजही कळलेलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर, काकानू, माझ्या नोकरीतल्या कुणीही टाकलेला नाही. चांगला माणूस म्हणजे कोण, असं आता कुणी विचारलं तर मी तुमच्या त्या न हललेल्या मनगटाबद्दल सांगेन. पुढे कोयता कडक करायला त्याला पाणी कसं दिलंत, फक्त धार कशी बुडवलीत, पात्यावर पेंढ्याचा पिवळा रंग कसा चढत गेला, ते सगळं वहीत उतरवून ठेवलंय.

कोयता आईने ताब्यात घेतलाय. शहाळी आता तिच्याच हातची. खाऱ्या वाऱ्याला गंजू नये म्हणून रोज रात्री खोबरेल लावून ठेवते.

येत्या रविवारी पुन्हा भट्टी पेटवतोय, मांगरातच. गावातली दोन नवी मुलं येणार आहेत, घण त्यांच्या हातात असेल. सांडशी मी धरणार आहे. तुम्ही या, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
घण मारणारी चेडू