गाण्याचा शेजार

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप वाचला. ‘पेटीवाल्या, सकाळी नाट्यपद पाठवतोस, दुपारी जमैकाचं गाणं, रात्री पोवाडा. एक काय ते ठरव की!’ मोबाईलवर अंगठ्यानं उत्तर द्यायला बसलो असतो तर दोन ओळींत आटपलं असतं आणि तू पुन्हा तेच विचारलं असतंस. म्हणून कागद घेतला. आज लग्नाची तारीख नाही, भजन संध्याकाळी आहे. चहा झालाय. तेव्हा आता निवांत बसून ऐक.

ठरवायचं कसं, तूच सांग. गवयाला घराणं असतं, तुम्हा तबलजींना बाज असतो, पेटीवाल्याला काय असतं? पुढं बसलेल्याचा सूर. बुवा काळी एक म्हणाले की काळी एक, बाई काळी पाच म्हणाल्या की काळी पाच. गुरुवारी दत्ताच्या देवळात अभंग, शनिवारी कुणाच्या तरी हळदीला ऑर्केस्ट्रा, जत्रांचा हंगाम सुरू झाला की लावणीची पार्टी, आणि मधूनच गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या पोरींची साथ. एका आठवड्यात इतक्या घरी जेवल्यावर माणूस ‘मी अमुकच खातो’ असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्यात आमचं वाद्यच मुळी आगंतुक. युरोपातून आलं, कलकत्त्यात मांडीशी बसायला शिकलं. आकाशवाणीनं १९४० साली त्याला दार लावून घेतलं ते १९७१ साली जरा किलकिलं केलं. आरोप काय, तर मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे सुरांमधले बारीक सूर दाखवता येत नाहीत आणि जात परदेशी. तिन्ही आरोप खरे आहेत! (गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाच्या गावात बसून हे लिहितोय, तेव्हा मोठ्यानं वाचू नकोस.) पण ज्याला कुणी आपलं म्हणत नाही, त्याला सगळ्यांच्याच ओसरीवर बसायची सवय लागते. ती मलाही लागली.

गाणी वाटायचा नाद मात्र पेटीच्या आधीचा. तो कॅसेटवाला आठवतोय? आपण गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायचो आणि तो कोरी कॅसेट भरून द्यायचा. ९० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून आपण वेळा जुळवत बसायचो आणि त्या जुळवाजुळवीत भलतीच गाणी शेजारी यायची. भावगीत संपलं की कव्वाली, तिच्या पाठीला पाठ लावून तमाशातली बतावणी. तुला ते विचित्र वाटायचं. मला तिथंच कळायला लागलं की गाणं ऐकताना आपण त्याच्या आधीचं गाणंही ऐकत असतो. लावणीनंतर अभंग लावला की अभंगातली ढोलकीसारखी थाप ऐकू येते. तोच अभंग आलापीनंतर लाव, थाप गायब, नुसता सूर राहतो.

भजनात तरी दुसरं काय आहे? रूपाचा अभंग आधी, गौळण नंतर, भैरवी शेवटी. तो क्रम कुणी उलटा करून बघितलाय का? बुवा टाळ फेकून मारतील.

तर मी तुला गाणी पाठवतो ती शेजार लावून पाठवतो. तू एकेक सुटं ऐकतोस आणि मग म्हणतोस, ह्याचं डोकं फिरलंय.

आता हलगीवाल्या दादाची गोष्ट सांगतो. चैत्रातली गोष्ट, जोतिबाच्या यात्रेआधीची. आमच्या पेठेतली सासनकाठी निघायला वेळ होता. दादा पाचट पेटवून त्यावर हलगी शेकत बसला होता. कातडं तापलं की टिचकी मारून बघायचा, पुन्हा धरायचा. मी शेजारी बसलो आणि इअरफोनची एक घुंडी त्याच्या कानात घातली. काय लावलंय ते सांगितलं नाही. जमैकाचं रेगे होतं. दादानं थोडा वेळ मान हलवली, मग हलगी शेकायची थांबवली आणि म्हणाला, “आरं, ह्यो समंवर वाजवतच न्हाई की!”

बघ, ज्या गोष्टीवर लोक पुस्तकं लिहितात ती ह्या माणसाला आगीसमोर बसून ऐकू आली. वन ड्रॉप म्हणतात त्याला. चारांतली पहिली मात्रा, म्हणजे आपली सम, मोकळी सोडायची, ड्रमचं वजन तिसरीवर टाकायचं. बॉब मार्लेच्या मागं बसणारा कार्लटन बॅरेट ह्यातला उस्ताद. आपण सम गाठायला जिवाचं रान करतो, आणि हे लोक समेला खुशाल जागा रिकामी ठेवून पुढं जातात.

दादा हट्टाला पेटला. हलगी घेतली, पण हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडायचा. स्वतःलाच शिव्या घालायचा. घुमकंवाला हसायला लागला तर त्यालाही एक शिवी. शेवटी त्यानं जाड काडी कमरेला खोचली आणि नुसत्या बारीक काडीनं करून बघितलं, तेव्हा कुठं हात ऐकायला लागला. पुढं मिरवणूक ऐन रंगात आली असताना एका वळणावर पठ्ठ्यानं सम खाल्ली. एकदाच. लेझमाची अख्खी रांग अडखळली, कैताळवाला वर बघायला लागला, आणि गुलालात न्हालेला दादा माझ्याकडं बघून असा काही हसला म्हणतोस! ‘दादा, जगातलं संगीत ऐक’ असं सांगून ते गाणं दिलं असतं, तर त्यानं नम्रपणे ऐकून इअरफोन परत केला असता.

आता तू एक कर. तबल्याच्या साथीला ठेवलेली तुझी लेहऱ्याची पेटी काढ. रागावू नकोस, वाचता वाचताच काढ. पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. काळी तीनला सा मान आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरनं वर जा. भूप. आता हलवायचं काही नाही, त्याच पट्ट्या, फक्त सा सरकवायचा. काळी चारला सा धर, मधमाद सारंग. काळी पाचला धर, मालकंस. काळी एकला दुर्गा. राहिली काळी दोन, तिथं धानी. पाच पट्ट्या आणि पाच घरं. आपले जुने लोक ह्याला मूर्च्छना म्हणायचे आणि मी क्लासातल्या पोरांना पहिल्याच दिवशी हे दाखवतो. कारण त्यानंतर कुठल्याही देशाचं गाणं लावलं की पोरं घाबरत नाहीत, सा शोधायला लागतात. स्कॉटलंडची जुनी लोकगीतं लाव, भूपाची पट्टी सापडते. चीनमधली लाव, ह्याच पाचांत कुठंतरी सा सापडतो. आणि धानी वाजवताना पांढरी सहाला, म्हणजे तीव्र मध्यमाला, ओझरतं बोट लावून परत आलास की मिसिसिपीचा ब्लूज दारात येऊन उभा राहतो.

हा राग नव्हे हे मला कळतं. मालकंसाचा गंधार झुलवायला पेटीला गळा नाही. क्लासात एका शहाण्यानं विचारलं, “सर, मग मालकंस आणि भूप एकच?” त्याला म्हटलं, आधी देवल क्लबात जाऊन दोन्ही ऐकून ये, मग सांग. सुरांचा संच सारखा असणं आणि चालणं सारखं असणं ह्यांत फार अंतर आहे. आणि मजा त्या अंतरातच आहे. सगळंच एक असतं तर मी तुला एकच गाणं पाठवून मोकळा झालो असतो.

मालीच्या अली फारका तुरेचं गाणं तुला पाठवलं होतं, त्यावर तू नुसता अंगठा दाखवलास. ते मी बुवांनाही ऐकवलं. भजन संपून प्रसाद वाटला होता, मंडळी पांगली होती. आधी एवढंच सांगितलं की गाणारा नदीकाठचा शेतकरी आहे. ते खरंच आहे. नायजर नदीच्या काठी त्याचं गाव, तो स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा, आणि पुढं तर लोकांनी त्याला गावचा महापौर केला. बुवांचा ऊस पंचगंगेच्या काठाला, त्यामुळं तेवढ्यावर ते सरसावून बसले. डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं. म्हणाले, “गातोय मनापासनं. पण ह्येच्या मागं टाळकरी का न्हाईत?” आणि टाळ उचलून स्वतःच धरला की! गाणं पुन्हा लावायला लावलं. मला वाटलं होतं तितकं त्यांना आवडलं नाही, हेही सांगतो. मध्ये मध्ये शब्द थांबवून गिटार बोलतं, ते त्यांना वेळ काढल्यासारखं वाटलं. पण काही दिवसांनी गौळणीची चाल धरताना बुवा धानीत शिरले आणि ओळीच्या शेवटी सूर खाली सोडला तो थेट मालीच्या वळणानं. मी पेटीवर तसाच उतरलो. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. विठोबाच्या आलं असेल.

आता तुझ्या मूळ मुद्द्याकडं येतो. भलत्याच गाण्यांचा शेजार लावणारा मी एकटाच खुळा असं तुला वाटतंय ना? १९७७ साली अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवलीय, त्यात पृथ्वीवरचं साधारण दीड तासाचं संगीत आहे. कार्ल सेगन हा खगोलशास्त्रज्ञ आणि त्याच्या मंडळींनी ते निवडलं. बाखपासून चक बेरीपर्यंत, जपानी बासरीपासून पेरूच्या पाव्यापर्यंत. आपल्याकडचं एकच गाणं, केसरबाई केरकरांची भैरवी. लहानपणी काही महिने ह्याच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकलेल्या, आणि पुढं शाहू महाराजांचे दरबारगायक अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतलेल्या केसरबाई. ज्यांना रेकॉर्डिंगचा तिटकारा, त्यांचाच आवाज ताऱ्यांमधल्या अंतराळात! सप्टेंबरात दोघांतलं मागाहूनचं यान, व्हॉयेजर १, उडालं आणि त्याच महिन्यात बाई गेल्या.

हे तुला ठाऊक असेल, वर्तमानपत्रात अधूनमधून येतं. पण त्या तबकडीचा क्रम बघितलायस का? केसरबाईंच्या आधी चिनी छिन वाद्यावर वाहत्या पाण्याची एक प्राचीन रचना आहे. आणि केसरबाईंच्या लगेच नंतर ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचा आंधळा गवई, रस्त्यावर गाणारा. गिटारच्या तारेवर घासत नेलेला सूर आणि त्याच्या जोडीला नुसतं गुणगुणणं, शब्द एकही नाही. तू हे तीन तुकडे ओळीनं ऐक. छिनच्या तारेवर बोट घासत जातं, मग केसरबाईंचा आकार लागतो, आणि तो संपतो न संपतो तोच विलीचं गुणगुणणं. घासत नेलेला सूर तिघांच्यातही आहे. पेटीवाल्याला जे कधीच जमणार नाही ते, म्हणून मला जास्त टोचतं. ज्यानं कुणी तो क्रम लावला त्याच्या कानाला माझा दंडवत. मी असतो तर केसरबाई शेवटी ठेवल्या असत्या, भैरवी म्हणून. त्यांनी शेवटी बेथोवेन ठेवलाय. असो, त्यांच्याकडं बुवा नव्हते.

मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवर माझा राग आहे तो इथं. एक ब्लूज ऐकला की ते पुढं ब्लूजच लावतं, एक अभंग ऐकला की रात्रभर अभंग. सारख्याच्या पुढं सारखं. गाणी लाखांनी आहेत त्यात, पण शेजार लावायची अक्कल नाही. कॅसेटवाला परवडला. त्याच्याकडं माल कमी होता, पण माझी यादी वाचून म्हणायचा, “हे घेतलंस तर मागं हे घे.” आणि पैसे न घेता एखादं गाणं आपल्या मनानं भरायचा. माझ्याकडची पहिली अरबी गाणारी बाई, उम्म कुलसूम, अशी आगाऊच आली होती. तिनं एकच ओळ किती वेळा म्हटली ते मोजता मोजता मी झोपलो होतो आणि सकाळी उठून पुन्हा तीच बाजू लावली होती.

बाकी इकडचं काय सांगू? केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं ते तू बातम्यांत बघितलंस. तिथल्या विंगेत उभं राहून आपण किती पदं फुकट ऐकली! त्यावर लिहायला लागलो तर हे पत्र वेगळ्याच वाटेनं जाईल. रंकाळ्यावर भेळ अजून तशीच मिळते. पोरगं आता लॅपटॉपवर ठेके बनवतंय. परवा दादाची हलगी रेकॉर्ड करून घेऊन गेलं आणि तिच्याखाली कसलातरी भला मोठा बेस घातला. दादाला ऐकवल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “ह्येचं पैसं कुणाला मिळत्यात?” पोरगं गप्प. मला प्रश्न आवडला.

आता तुझ्याकडं काम. नुसतं घेतोस, देत काहीच नाहीस, हे चालायचं नाही. नागपुरात इतकी वर्षं राहतोस, आणि विदर्भातलं लोकनाट्य, खडी गंमत, मला अजून लोकांच्या तोंडूनच ऐकावं लागतं. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीकडं नाटकांचा हंगाम असतो, तिकडं कुणाबरोबर तरी जा. खडी गंमत कुठं लागलीय ते विचार. रेकॉर्ड करताना मोबाईल कर्ण्यासमोर धरू नकोस, सगळं फाटून येतं. डफवाल्याच्या मागं, जरा बाजूला बैस. तुणतुणं त्याच्या डावीकडं असेल तर तू उजवीकडं. आणि त्यांना आधी विचार, पैसेही दे, दादाचा प्रश्न विसरू नकोस. त्याच्या पुढं काय ऐकायचं ते मी आतापासनंच शोधतोय. एक इथिओपियाचं आणि एक आपल्याच शाहिराचं, अशी दोन मनात आहेत. पण आधी तुझं येऊ दे, सा कुठं लागतो बघू, मग ठरवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पेटीवाला