हॅरी क्लार्कच्या काचा

डब्लिन,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबले ते आळसामुळे नव्हे, तर तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने मला गावभर हिंडायला लावले म्हणून. मी पाठवलेली हॅरी क्लार्क या आयरिश कलावंताच्या पुस्तकचित्रांची पाने पाहून तू लिहिलेस, की हात विलक्षण आहे, पण हा सगळा बिअर्डस्ली या इंग्रज चित्रकाराकडून आणलेला उसना माल आहे. तुझ्यासारख्या, आयुष्य झिंकच्या पत्र्यांवर आणि आम्लाच्या वासात काढलेल्या छापचित्रकाराने असे लिहावे, याचे मला वाईट वाटले. त्याचे कारण या पत्रात पुढे येईलच.

अर्धे म्हणणे मला मान्य आहे. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाच्या गूढकथांसाठी त्याने 1919 साली काढलेली काळी-पांढरी चित्रे पाहिली, की लांबट बोटे, अर्धमिटल्या पापण्या आणि पानभर पसरलेला सपाट काळा रंग हे सारे बिअर्डस्लीच्या घरचे आहे, हे कोणीही सांगेल. गंमत अशी, की बिअर्डस्ली वारला तो 16 मार्च 1898 रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी क्लार्कला नऊ वर्षे पूर्ण झाली. पण मित्रा, तू त्याला कागदावर तोलतो आहेस, आणि तो मुळात कागदाचा माणूस नव्हताच. तो काचेचा माणूस होता. त्यातही तो धंद्यातला, मागणीप्रमाणे माल पुरवणारा कारागीर होता, आणि ही गोष्ट विसरली, की त्याचे काहीच नीट उमगत नाही.

त्याचा बाप जोशुआ हा इंग्लंडमधल्या लीड्सचा. डब्लिनला येऊन त्याने चर्चच्या सजावटीचा व्यवसाय उभा केला आणि पुढे त्यात रंगीत काचांच्या खिडक्यांचे काम जोडले. आई स्लायगोकडची. नॉर्थ फ्रेडरिक स्ट्रीटवर खाली कारखाना आणि वर घर, अशा वातावरणात पोरगा वाढला. बेल्व्हेडिअर कॉलेज या जेझुइट (कॅथलिक) पाद्र्यांच्या शाळेत तो शिकत होता. जेम्स जॉइस त्याच्या काही वर्षे आधी याच शाळेतून बाहेर पडला होता. 1903 साली आई गेली तेव्हा हॅरी चौदा वर्षांचा होता, आणि पुढे लवकरच त्याची शाळा सुटली. पुढे दिवसा बापाच्या हाताखाली आणि संध्याकाळी डब्लिनच्या मेट्रोपोलिटन कलाशाळेत, असे त्याचे शिक्षण झाले. तिथे आल्फ्रेड चाइल्ड हे त्याचे काचकामाचे गुरू होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत 1911, 1912 आणि 1913 अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने सुवर्णपदक मिळवले.

हेच चाइल्ड त्या वेळी आणखी एक घर सांभाळत होते. सॅरा पर्सर नावाच्या नामांकित व्यक्तिचित्रकार बाईंनी 1903 मध्ये नाटककार एडवर्ड मार्टिन यांच्या साथीने 'आन तूर ग्लिना' म्हणजे 'काचेचा मनोरा' ही कार्यशाळा काढली होती. म्युनिक आणि बर्मिंगहॅमहून घाऊक येणाऱ्या गुळगुळीत धार्मिक खिडक्यांचा त्यांना वीट आला होता. त्यांचा नियम असा, की एका खिडकीचे आरेखन, काचांची निवड, रंगकाम हे सर्व एकाच कलावंताने करायचे. मायकेल हीली, विल्हेल्मिना गेडिस अशी मोठी माणसे तिथून पुढे आली. क्लार्क मात्र त्या मनोऱ्यात गेला नाही. तो बापाच्या कारखान्यातच राहिला. पाद्र्यांची पत्रे, अंदाजपत्रके, उधारी, मुदती हे सारे त्याच्या डोक्यावर होते, आणि 1921 मध्ये जोशुआ वारल्यावर तो आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांच्यावर सगळाच डोलारा येऊन पडला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कॉर्कच्या विद्यापीठ महाविद्यालयाच्या आवारात होनन चॅपेल नावाचे एक लहानसे प्रार्थनागृह आहे. त्यात एकोणीस खिडक्या आहेत. अकरा क्लार्कच्या आणि आठ 'काचेच्या मनोऱ्या'तल्या कलावंतांच्या. क्लार्कने हे काम केले तेव्हा तो पंचवीस-सत्तावीस वर्षांचा होता. त्यातली संत गोबनेटची खिडकी मी तासभर पाहत बसलो. गोबनेट ही मधमाश्यांची संत. गळ्यापासून पायापर्यंत गर्द निळा झगा, बाजूने दिसणारा फिकट, जवळजवळ आजारी वाटणारा चेहरा, पोळ्यातल्या घरांसारखे कापलेले काचेचे तुकडे आणि तिच्या माश्यांनी हाकलून लावलेले भेदरलेले लुटारू. चेहरा बिअर्डस्लीचा असेल, मी वाद घालत नाही. पण बिअर्डस्लीचा काळा रंग हा शाईचा काळा आहे, तो पानावर पडून राहतो. इथे काळी रेष म्हणजे शिशाची पट्टी आहे, तुकड्याला तुकडा धरून ठेवणारी, आणि ती जितकी जाड तितका तिच्या शेजारचा निळा पेटतो. ढग सूर्यावरून सरकला तेव्हा त्या निळ्यात जांभळे कुठून आले हे मला कळेना. कागदावरच्या चित्राला दिवसाची वेळ नसते.

हे जांभळे कुठून आले, त्याचे उत्तर तुझ्याच धंद्यात आहे. साधी रंगीत काच आरपार एकाच रंगाची असते. क्लार्क बहुतेकदा वापरत असे ती दुपदरी काच: खाली जाड, जवळजवळ स्वच्छ काच आणि तिच्यावर रंगाचा पातळ पापुद्रा. ज्या जागा राखायच्या त्या झाकून घ्यायच्या आणि उरलेला पापुद्रा हायड्रोफ्लोरिक आम्लाने खाऊ द्यायचा. थोडा वेळ ठेवले की गर्द निळ्याचा आकाशी होतो, आणखी ठेवले की धुक्यासारखा पांढुरका, आणि शेवटी स्वच्छ काच उरते. म्हणजे शिशाच्या एकाच चौकटीत, एकाच तुकड्यात, निळ्याच्या पाच-सहा छटा. तू अ‍ॅक्वाटिंटच्या पत्र्याला, म्हणजे छटा उमटवणाऱ्या छापचित्राच्या पत्र्याला, टप्प्याटप्प्याने आम्लाचा चावा देतोस, मध्येच काढून वार्निश लावतोस, पुन्हा बुडवतोस. हे अगदी तेच आहे. फरक इतकाच, की तुझा पत्रा बिघडला तर दुसरा घेता येतो आणि नायट्रिकने बोट पोळले तर लगेच समजते. हे आम्ल कातडीतून आत हाडापर्यंत जाते आणि पुष्कळदा वेदना नंतर सुरू होतात. काचेवर आम्ल खाऊन झाले, की वर लोहयुक्त रंगाने बारीक रेघा, ठिपके, सुईने ओरखडे, मग भट्टी.

याचा कळस पाहायचा तर मेरियन स्क्वेअरजवळच्या राष्ट्रीय कलादालनात जावे. 1917 साली त्याने वॉल्टर डी ला मेअरच्या कवितेवर 'वेड्या राजपुत्राचे गाणे' ही काच केली. ती जेमतेम वीतभर रुंद आहे. एक काच लाल पापुद्र्याची, एक निळ्या पापुद्र्याची. दोन्ही आम्लाने वेगवेगळ्या खाल्लेल्या आणि एकीवर एक ठेवलेल्या. जिथे निळी उडवली तिथे तांबडे, जिथे तांबडी उडवली तिथे निळे, दोन्ही राखल्या तिथे रात्र, दोन्ही उडवल्या तिथे दिवा. मधे शिशाची एकही पट्टी नाही. आता सांग, यात उसने काय आहे? राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयातल्या काचा आपण दोघांनी मान वर करून पाहिल्या होत्या, त्या सुंदरच आहेत. पण तिथे काचेला रंग दिलेला आहे, आणि इथे रंगातून प्रकाश कोरून काढलेला आहे.

कागदाचाही मुद्दा सोडत नाही. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सुमारे 49 हजार आयरिश सैनिकांची नावे 1923 मध्ये डब्लिनला आठ खंडांत छापली गेली, आणि पानापानाच्या चौकटी क्लार्कने काढल्या. वेलबुट्टीच्या आत काळ्या सावल्यांसारखे सैनिक, खंदक, तोफा आणि थडगी. मधे नुसत्या नावांच्या ओळी. इथे बिअर्डस्ली दाखव मला.

ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या बेवलीच्या कॅफेत त्याच्या सहा खिडक्या आहेत. पक्षी, फुले, फुलपाखरे. कॉफी पिताना बऱ्या वाटतात, याहून अधिक मी म्हणणार नाही. अलीकडे त्यांच्या मालकीवरून घरमालक आणि कॅफे यांच्यात कोर्टकज्जा झाला: या खिडक्या म्हणजे इमारतीचा भाग, की भिंतीला लावलेली कलाकृती? क्लार्कला हा प्रश्न ऐकून हसू आले असते असे मला वाटते, कारण त्याच्या लेखी तो फरकच नव्हता.

आता जिनिव्हाची खिडकी. ही हकिगत तुला सविस्तर सांगितलीच पाहिजे. नवे आयरिश स्वतंत्र राज्य 1922 मध्ये उभे राहिले. जगाला आपली ओळख करून द्यावी म्हणून सरकारने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयासाठी एक भेट ठरवली आणि ते काम क्लार्कला दिले. त्याने विषय निवडला तो आयर्लंडचे आधुनिक लेखक. आठ तावदानांत पंधरा लेखकांच्या कृतींमधले प्रसंग: येट्स, शॉ, सिंज, जॉइस, ओ'केसी, इंग्रजांनी गोळ्या घालून मारलेला क्रांतिकारक कवी पिअर्स. ज्या चिमुकल्या देशाच्या दोन लेखकांना 1923 आणि 1925 मध्ये नोबेल मिळाले, त्याने हेच पुढे करावे, यापेक्षा सरळ कल्पना कोणती? पण 1929 मध्ये याच देशात पुस्तकांवर सेन्सॉरचा कायदा झाला होता. 1930 मध्ये खिडकी तयार झाली तेव्हा मंत्र्यांची नजर लियम ओ'फ्लाहर्टीच्या कादंबरीतल्या प्रसंगावर खिळली: एक ढेरपोट्या दारुडा आणि त्याच्यापुढे झिरझिरीत ओढणी घेऊन नाचणारी जवळजवळ विवस्त्र तरुणी. सरकारचे प्रमुख कॉस्ग्रेव्ह यांनी क्लार्कला पत्र लिहून आक्षेप कळवला. खिडकी जिनिव्हाला गेलीच नाही.

मला त्या मंत्र्यांचा राग येतो, तरी त्यांची अडचण समजत नाही असे नाही. त्याच हाताची खिडकी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये होती आणि तिच्यापुढे ते गुडघे टेकत होते. संताच्या चेहऱ्यावर जी धग त्यांना भक्ती वाटली, तीच नर्तकीच्या अंगावर आली तेव्हा त्यांना पाप वाटली. क्लार्कने मात्र दोन्हीकडे एकच काच आणि एकच आम्ल वापरले होते.

त्या वेळी तो क्षयाने पोखरला होता. आम्लाच्या वाफा आणि अतोनात काम यांनी छाती आणखी बिघडली, असे बरेच जण मानतात. भाऊ वॉल्टर 1930 मध्येच गेला. क्लार्क स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या आरोग्यधामात होता. आपण इथेच मरणार या भीतीने तो मायदेशी यायला निघाला आणि वाटेत कूर या गावी 6 जानेवारी 1931 रोजी वारला. वय एक्केचाळीस. तिथल्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांनंतर थडग्याचा खर्च घरच्यांनी भरावा लागे. हे घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. थडगे मोकळे केले गेले आणि अस्थी सार्वजनिक खड्ड्यात गेल्या. जिनिव्हाच्या खिडकीचेही तसेच झाले. त्याची पत्नी मार्गारेट, स्वतः चांगली चित्रकार, हिने सरकारने दिलेले 450 पौंड परत करून ती विकत घेतली. पुढे ती अमेरिकेत विकली गेली आणि आज मायामी बीचच्या वुल्फसोनियन संग्रहालयात आहे. आयर्लंडचे लेखक फ्लोरिडाच्या उन्हात उभे आहेत.

अवघ्या काही वर्षांनी आयरिश सरकारने पुन्हा एक खिडकी मागवली, 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी. ती एव्ही होनने केली. लहानपणी पोलिओने अधू झालेली ही बाई, मैत्रीण मेनी जेलेटबरोबर पॅरिसला जाऊन घनवाद (क्यूबिझम) शिकून आलेली. तिने देशाचे चार प्रांत चिन्हांनी मांडले, माणूस एकही नाही. ती खिडकी आज डब्लिनच्या सरकारी इमारतीत सन्मानाने आहे. होन थोर आहे, तिच्याबद्दल वेगळे पत्र लिहीन. पण त्या दोन खिडक्यांचे नशीब एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

पुढच्या महिन्यात मी पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या न्यूपोर्टला जाणार आहे. तिथल्या चर्चमध्ये त्याने अखेरच्या वर्षी केलेली 'शेवटचा न्याय' ही तीन भागांची खिडकी आहे. सकाळी लवकर पोहोचण्याचा बेत आहे, कारण ती पूर्वेकडे आहे. जाण्यापूर्वी तुझे एक उत्तर हवे: लाल पापुद्र्याची काच आम्लात असताना तिचा चावा नेमका कधी थांबवायचा हे तो कशावरून ओळखत असेल? पत्रा तू बाहेर काढून, उजेडात तिरका धरून पाहतोस. त्याला तर आरपार पाहावे लागत असणार, आणि हातात ते आम्ल. वहिनींना नमस्कार, आणि चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र